जिवाणूंचं प्लास्टिक: अंबरनाथच्या छोट्या उद्योजकाने पैसे कुठे घालावेत?

"सर, बायोप्लास्टिकचा धंदा करू का?" असं बरेच जण विचारतात. मशीन बुक करण्याआधी एवढं वाचा.

हे प्लास्टिक काय आहे?
काही जिवाणू जास्तीचं अन्न चरबीसारखं पोटात साठवतात. त्या साठ्याचं नाव पीएचबी. १९२६ मध्ये मॉरिस लेमॉईन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते शोधलं. पीएलए वेगळं: जिवाणू फक्त लॅक्टिक ॲसिड बनवतात, पुढचं काम रसायनशास्त्राचं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला.

नॅनोचा संबंध काय?
नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पीएचबीच्या इतक्या बारीक कणांत औषध भरलं, की कण विरघळत जातो तसं औषध हळूहळू सुटतं. यावर संशोधन चालू आहे. पीएचबी ठिसूळ असतं, म्हणून त्यात मातीचे नॅनोकण मिसळून ते मजबूत करायचेही प्रयोग होतात. पण हे प्रयोगशाळेचं काम, आपल्या गाळ्यातलं नाही.

मग आपली जागा कुठे?
जिवाणू वाढवायला मोठ्या टाक्या, निर्जंतुक व्यवस्था आणि मोठं भांडवल लागतं. त्यात पडू नका. तयार दाणे घ्या आणि वस्तू बनवा. आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसी पट्ट्यात मोल्डिंगवाला शोधा, आधी जॉबवर्कने चाचणी करून घ्या. दोन गोष्टी सांभाळा: पीएलएचे दाणे ओल धरतात, म्हणून आधी नीट सुकवा. पीएचबी साधारण १७५ अंशाला वितळतं आणि थोडं जास्त तापलं की खराब होतं.

पैसे इथेच बुडतात
"बायोडिग्रेडेबल" छापलं म्हणजे माल विकता येतो असं नाही. कंपोस्टेबल मालाला आयएस/आयएसओ १७०८८ ची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ही चाचणी ५८ अंशांच्या आसपास, कंपोस्टमध्ये होते. म्हणून "कुठेही टाका, कुजेल" असं गिऱ्हाइकाला सांगू नका. शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदीचे स्वतःचे नियम आहेत. तुमची वस्तू त्यात बसते का, हे प्रदूषण मंडळाच्या कल्याण कार्यालयात आधी विचारा.

क्रम लक्षात ठेवा: आधी नियम, मग गिऱ्हाईक, मग चाचणी, शेवटी मशीन. उलटं केलंत तर कर्जाचा हप्ता सुरू होईल आणि माल गोदामात पडून राहील.

तुम्ही कोणती वस्तू बनवायचा विचार करताय? कमेंटमध्ये लिहा.