वीणा घडविणाऱ्यांचा मान

आषाढी एकादशी आली. चंद्रभागेच्या वाळवंटी आता टाळमृदंगांचा गजर होईल आणि दिंडीदिंडीतून वीणेकऱ्यास पहिला मान मिळेल. हरिनाम सप्ताहात तर ही वीणा अहोरात्र भूमीस टेकू देत नाहीत. एका पहारेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. परंतु ही वीणा घडविली कोणी, असे विचारले असता भाविक एकमेकांच्या मुखाकडे पाहतात. वीणावादनाचे तत्त्व जाणणाऱ्यास मोक्षमार्ग सुलभ होतो, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. घडविणाऱ्याविषयी त्या ठिकाणी तीही मौन बाळगते. स्मृतिकारांस आम्ही काय म्हणावे!

आमच्या पंढरीच्या परिसरातील शेतात पिकणारा मोठा कडू भोपळा मिरजेस जातो. संस्कृतात यालाच अलाबु म्हणतात. तेथे तो भिजवून कापतात, आतील गर खरवडून काढतात, आकार बिघडू नये म्हणून आत काटक्यांचे टेकू देऊन वाळवितात. मग त्यावर लाकडी दांडी व तबकडी चढते. मिरजेत ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब सतारमेकर यांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला आणि पटवर्धन संस्थानिकांनी त्यांस आश्रय दिला. त्या परंपरेतील मुसलमान कारागिरांच्या हातची वीणा आज विठ्ठलनामात दंग झालेल्या वारकऱ्याच्या गळ्यात असते. यात आम्हांस नवल वाटत नाही; पंढरीच्या पेठेत हे नित्याचेच आहे.

सर्वांत अवघड काम जवारीचे. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानसेने इतका हलक्या हाताने घासावयाचा की, तार त्यास निसटता स्पर्श करील आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतील. हे मोजपट्टीने साधत नाही, कानाने साधते. आणि कान तयार होण्यास वर्षे लागतात. तेवढी वर्षे तरुण मुलाने कशाच्या भरवशावर काढावीत? विजेवर चालणारी तंबुऱ्याची पेटी आली, पुढे भ्रमणध्वनीतही तंबुरा वाजू लागला. प्रवासात त्याची सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या सोयीने कारागिराच्या मुलाची रोजी मात्र उणावली.

सन २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. परक्या मालावर मिरजेचे नाव घालण्यास त्यामुळे अटकाव झाला, हे उत्तमच. तथापि मानांकन नाव राखते, मागणी आणीत नाही. सन २०२३ मध्ये आरंभलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, कुंभार, मूर्तिकार, हार गुंफणारे माळी आले. वाद्यकाराचे नाव स्वतंत्रपणे आले नाही. सरकारकडे मागणी करावी, ती रास्तच आहे. पण वारकऱ्यांच्या वीणेचे गिऱ्हाईक सरकार नव्हे, आपण आहोत.

सप्ताहाच्या हिशेबवह्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक यांचे देयक मुकाट्याने चुकते होते. वीणेची किंमत ऐकली की मात्र विश्वस्तांना काटकसर आठवते! मग घासाघीस, उधारी, आणि वर्षअखेर त्याच कारागिरास शाल-श्रीफळ. शालीने चूल पेटत नाही. त्यापेक्षा गावोगावच्या मंडळांनी वाद्याची मागणी सहा महिने आधी, निम्म्या रकमेसह नोंदवावी. आगाऊ रक्कम हाती असली की कारागीर उत्तम भोपळा व मुरलेले लाकूड वेळेवर घेऊ शकेल, हाताखाली एक मुलगा ठेवू शकेल. आणि आमच्याकडील शेतकरी उसाच्या हुकमी पैशांपुढेही भोपळ्यासाठी चार वाफे राखील.

नवी वीणा घेणे ज्यांस शक्य नसेल त्यांनी जुनीची जवारी तरी करवून घ्यावी. वारी परतल्यावर कित्येक वीणा तारा सैल झालेल्या अवस्थेत देवळाच्या खुंटीला लटकतात. कार्तिकी वारीस अद्याप चार महिने आहेत. तेवढ्यात मिरजेची एक खेप सहज होते.