बलदंडाचे गुडघे आणि अणुबॉम्बचा कार्बन

दंड-मांड्या एवढ्या कमावलेल्या असूनही बलदंड खेळाडू जायबंदी कसे होतात, असं एका वाचकानं विचारलं आहे. उत्तरासाठी लिथुआनियाच्या झिद्रूनास सावित्स्कासकडे जाऊ. ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ हा किताब त्यानं चार वेळा जिंकला, अर्नॉल्ड स्ट्राँगमन स्पर्धा आठ वेळा; पॉवरलिफ्टिंगमध्येही तो आपल्या देशाचा विजेता. पण त्याच्या चषकांपेक्षा मला त्याच्या गुडघ्यांचं जास्त अप्रूप वाटतं.

2001 मध्ये फॅरो बेटांवर तो ‘कोनन्स व्हील’ खेळत होता. मधल्या खुंट्याभोवती फिरणाऱ्या लांब दांड्यावर वजन लादलेलं असतं. दांडा दोन्ही कोपरांच्या खोबणीत घ्यायचा, छातीशी आवळायचा आणि गोल चालत राहायचं. त्याचा पाय घसरला आणि दोन्ही गुडघ्यांच्या कंडरा तुटल्या. वाटीला नडगीशी बांधणारी ही पट्टी तुटली, की मांडीत कितीही जोर असो, पाय सरळ होत नाही.

गुडघ्याची रचनाच या पट्टीच्या मुळावर येते. दार कडीपाशी बोटानं ढकललं तरी हलतं; बिजागरीपाशी ढकलायला अंगातला जोर लावावा लागतो. कंडरा कायम बिजागरीपाशीच असते, गुडघ्याच्या आसापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर. ती नेमकी किती ताणानं तुटते, हे जिवंत माणसावर प्रयोग करून कोण पाहणार? पण एका वेटलिफ्टिंग स्पर्धेचं चित्रीकरण चालू असतानाच एका खेळाडूची कंडरा तुटली. झर्निकी, गारहॅमर आणि जोब या तिघांनी त्या फिल्मवरून हिशेब मांडला आणि 1977 मध्ये प्रसिद्ध केला: सुमारे 14,500 न्यूटन, म्हणजे खेळाडूच्या वजनाच्या सतरा पटींहून जास्त! यातले फ्रँक जोब बेसबॉलपटूंच्या कोपरावरच्या शस्त्रक्रियेमुळे जगप्रसिद्ध झाले. या हिशेबाबद्दलही त्यांचं नाव निघायला हवं.

कंडरेची दुसरी गंमत कळली ती अणुबॉम्बमुळे. 1955 ते 1963 या काळातल्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-14 जवळपास दुप्पट झाला. उघड्यावरच्या चाचण्यांना आळा बसल्यावर तो उतरत गेला. अन्नातून तो सगळ्यांच्या शरीरात शिरला. त्यामुळे शरीरातली एखादी पेशीरचना कोणत्या काळात घडली, हे तिच्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. 2013 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेवरच्या कंडरेचा गाभा असा तपासला. त्यातला कार्बन माणसाच्या वयाच्या पहिल्या सतरा वर्षांतला निघाला. त्यानंतर गाभ्याचं नूतनीकरण जवळजवळ नाहीच. स्नायू मात्र सतत नवा होत राहतो. साठीतला माणूस आपल्या शाळकरी वयात विणलेल्या दोरीवर चालतोय, ही कल्पनाच मला थक्क करते.

व्यायामानं कंडरा ताठ होते, थोडी जाडही होते, पण तिची चाल संथ असते. म्हणून ‘बारा आठवड्यांत कायापालट’ अशा जिमच्या जाहिरातींवर माझा राग आहे. आरशात दिसतो तो स्नायू. त्याच्या भरवशावर दर आठवड्याला वजन वाढवणाऱ्या मुलाला कंडरा मागे पडल्याचा पत्ताच नसतो, आणि ते सांगणं प्रशिक्षकाचं काम आहे.

सावित्स्कासच्या कंडरा पुन्हा जोडाव्या लागल्या. जोडलेल्या जागी जी ऊती भरून येते, ती मूळच्या विणीइतकी शिस्तशीर नसते. तरीही 2002 मध्ये तो ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’मध्ये दुसरा आला. पुढे 2003 ते 2008 सलग सहा वर्षं अर्नॉल्ड स्पर्धा त्याचीच होती. 2015 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यानं 228 किलोंचा ओंडका डोक्यावर नेला. हा विक्रम मोडायला 2021 उजाडलं, तोही एका किलोनं. ओंडका वर जातो तो फक्त खांद्यांच्या बळावर नव्हे. आधी गुडघे किंचित वाकवून खाली झुकायचं आणि झटक्यात ताठ व्हायचं. त्या झटक्याचा सगळा ताण एकदा तुटून जोडलेल्या त्या दोन पट्ट्यांवर येत होता.