नव्या घराची घडी – लेखांक ५ : फी वेगळी, फर्निचर वेगळं

ताबा घेताना घर कसं तपासायचं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. किल्ल्या हातात आल्या की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: इंटिरियर कोणाकडून करून घ्यायचं? सोसायटीच्या गेटवर मिळणाऱ्या पत्रकापासून मोठ्या शोरूमपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच आमिष असतं, ‘डिझाइन मोफत’. आजच्या लेखात मला एवढंच पटवून द्यायचं आहे की डिझाइन मोफत घेऊ नका. डिझायनरची फी वेगळी ठरवा, ती राजीखुशीने द्या आणि फर्निचरच्या बिलात मिसळू देऊ नका.

डिझायनर आपल्यासाठी मुख्यतः दोन कामं करतो. सुताराने करवत हातात घेण्याआधी तो सगळं घर कागदावर बांधून बघतो. आणि काम सुरू झालं की ठरल्याप्रमाणे माल येतोय का, मापं बरोबर आहेत का, हे आपल्या वतीने तपासतो. फी प्लायच्या दरात मुरवली की माल पुरवणारा आणि माल तपासणारा एकच माणूस होतो. डॉक्टरांनीच औषधाचं दुकान चालवावं, तशी ही गत. माणूस कितीही सचोटीचा असो, आपल्या बाजूने बोलणारं कोणी उरत नाही.

आधी माणूस पारखा

‘आर्किटेक्ट’ या उपाधीला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय ती नावापुढे लावता येत नाही. इंटिरियर डिझायनरसाठी असा कायदा नाही, त्यामुळे ही पाटी कोणीही लावू शकतो. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही या व्यवसायातली जुनी संस्था, तीही १९७२ मध्येच स्थापन झाली; पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. मुंबईतली रचना संसद किंवा अहमदाबादचं सेप्ट अशा संस्थांमधून रीतसर शिकून आलेले डिझायनर आहेत, तसे साइटवर घडलेलेही आहेत. शिक्षण जरूर विचारा. पण खरी परीक्षा त्यांच्या जुन्या कामाची घ्या.

नुकत्याच संपलेल्या घराचे फोटो सगळ्यांचेच सुंदर येतात. दोन-तीन पावसाळे निघालेलं घर बघायला मागा. तिथे गेल्यावर हॉलमध्ये फार वेळ घालवू नका. थेट सिंकखालचं कपाट उघडा. तळाचा प्लाय फुगलाय का, कडेची पट्टी सुटलीये का, दार बिजागरीवर खाली आलंय का, हे बघा. मग घरच्यांना एकच विचारा: शेवटचा हप्ता दिल्यानंतर तक्रार केली, तेव्हा माणूस आला का?

फी कशी ठरवायची

फीच्या तीन पद्धती चालतात. पहिली, एकूण खर्चाच्या टक्केवारीत. यात खर्च वाढला की फीही वाढते, म्हणून टक्केवारी मंजूर झालेल्या एस्टिमेटवरच धरायची, हे लिहून घ्या. दुसरी, चौरस फुटावर. इथे क्षेत्रफळ कोणतं, ते आधी स्पष्ट करा. रेरा कायद्याने व्याख्या केलेला कार्पेट एरिया धरायचा, असा आग्रह ठेवा. तिसरी, ठोक रक्कम. छोट्या आणि मध्यम फ्लॅटसाठी मला हीच सर्वांत स्वच्छ वाटते. मात्र तिच्यात साइट व्हिजिट किती, ड्रॉइंगमध्ये बदल किती वेळा करून मिळतील आणि त्यापुढच्या बदलाला किती पैसे, हे लिहिलेलं हवं.

आणखी एक प्रश्न संकोच न करता विचारा: दुकानदाराकडून किंवा ठेकेदाराकडून तुम्हाला कमिशन मिळतं का? या व्यवसायात ही प्रथा आहे आणि चांगले डिझायनर तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. ‘मालावर मिळणारी सूट ग्राहकाच्या बिलात दिसेल’, एवढं एक वाक्य करारात असलं, तरी पुढचा संशय मिटतो.

ड्रॉइंग हातात येईपर्यंत करवत नको

फी दिलीत की हक्काने मागायची गोष्ट म्हणजे ड्रॉइंग. संगणकावरचं रंगीत थ्रीडी चित्र म्हणजे ड्रॉइंग नव्हे. त्यावरून सुताराला माप कळत नाही. फर्निचर दाखवणारा प्लॅन, प्रत्येक भिंतीचं मापासह समोरून दिसणारं ड्रॉइंग, विजेच्या पॉइंटचा नकाशा, नळांच्या जागा, फॉल्स सीलिंगचा नकाशा आणि मालाची यादी, एवढं हातात आल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि दोघांच्या सह्या करा.

पण ड्रॉइंग चांगलं व्हायचं तर माहिती आपण द्यावी लागते. स्वयंपाकघराचंच घ्या. घरघंटी वापरता का? मग तिला जागा आणि सोळा अँपिअरचा पॉइंट हवा. पाण्याच्या फिल्टरला वीज, पाणी आत येणारी आणि सांडपाणी बाहेर नेणारी नळी, तिन्ही सिंकजवळ लागतात. फ्रिजचं दार कोणत्या बाजूला उघडतं आणि ते भिंतीला अडून भाजीचा कप्पा अर्धाच बाहेर येणार नाही ना? पोळ्या कोण करतं, त्या व्यक्तीला ड्रॉइंगवरच्या चर्चेत बसवा. ओट्याची उंची त्यांच्या कोपरापासून साधारण चार ते सहा इंच खाली असली, तर खांदे भरून येत नाहीत. सगळ्या इमारतीला एकच माप लावून ओटा बांधला, तर बुटक्या माणसाला रोज हात उचलून पोळी लाटावी लागते.

तसंच हॉलचं. गणपती बसत असतील, दीड दिवसाचे असोत की दहा दिवसांचे, मखर कुठे ठेवणार ते आत्ताच दाखवा. तिथे दिव्यांच्या माळेसाठी पॉइंट काढायला आज एक छोटी खूण पुरते. रंगकाम झाल्यावर भिंत फोडावी लागते. गावाहून पाहुणे येतात का, गाद्या कुठे राहणार, वाळवणाचे डबे किती, घरात कोणाला गुडघ्यांचा त्रास आहे का, असं सगळं एका कागदावर उतरवून पहिल्याच भेटीत डिझायनरच्या हातात द्या.

दोन कोटेशनं शेजारी ठेवा

ड्रॉइंग आणि मालाची यादी आपल्या मालकीची असली की तीच दोन-तीन ठेकेदारांना देऊन दर मागवता येतात. हा फी वेगळी देण्याचा सर्वांत मोठा फायदा. एक उदाहरण मांडून दाखवतो; आकडे समजण्यापुरते आहेत. सात फूट रुंद, सात फूट उंच कपाट म्हणजे समोरून ४९ चौरस फूट. पहिल्या ठेकेदाराचा दर १,५०० रुपये, एकूण ७३,५००. दुसऱ्याचा १,२५०, एकूण ६१,२५०. साहजिकच आपला हात दुसऱ्या कागदाकडे जातो.

आता बारीक अक्षर वाचा. दुसऱ्याच्या दरात ड्रॉवर धरलेले नाहीत: तीन ड्रॉवरचे ७,५००. आतल्या बाजूचं लॅमिनेट वेगळं: ६,०००. हँडल आणि कुलपं वेगळी: ३,५००. बेरीज झाली ७८,२५०. पहिल्याच्या दरात हे सगळं आलेलं होतं. म्हणजे स्वस्त वाटलेलं कपाट ४,७५० रुपयांनी महाग पडलं. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागणार आहे की तो धरलेला आहे, हेही विचारायला हवं. वरचा माळा मापात धरलाय का? कपाटाची पाठ किती जाडीच्या प्लायची? ड्रॉवरला कोणतं चॅनल? ही उत्तरं कोटेशनमध्ये नसतील, तर दरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मालाच्या यादीत ‘चांगल्या प्रतीचा प्लाय’ असे शब्द चालवून घेऊ नका. आयएस ३०३ च्या एमआर प्रतीचा प्लाय कोरड्या जागेच्या फर्निचरसाठी ठीक. सिंकखाली आणि बाथरूमलगत आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. या मानकासाठी तो ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. माल साइटवर उतरला की प्रत्येक तावावरचा आयएसआय शिक्का, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून खात्री करता येते. लॅमिनेट चढलं की शिक्का दिसत नाही, म्हणून ही तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. डिझायनर फीवर काम करत असेल, तर ती त्याची जबाबदारी ठरते.

भिंतीला हात लावण्याआधी

हॉल मोठा करायचा म्हणून भिंत पाडायची टूम निघते. इथे सजावटीचा प्रश्न संपून सगळ्या इमारतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न सुरू होतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरबदलांकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. खांब, तुळई आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही, हे करारात ठळक लिहा. इतर भिंत काढायची असली, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि लागेल तिथे महापालिकेची परवानगी घ्या.

नव्या फ्लॅटमध्ये आणखी एक बाब आहे. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते. आपण फोडाफोड केली की उद्याच्या गळतीबद्दल त्याला हात झटकायला जागा मिळते. म्हणून काम सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. बाथरूमच्या फरशा बदलल्या, तर वॉटरप्रूफिंगवर किमान एक दिवस पाणी भरून ठेवून खालच्या घरात ओल येत नाही ना, ते बघूनच पुढे जा.

पैसे कामाच्या मागोमाग

हप्ते तारखांना बांधू नका, कामाच्या टप्प्यांना बांधा. थोडा अ‍ॅडव्हान्स, मग माल साइटवर आल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, लॅमिनेट चढल्यावर. शेवटचा दहा टक्के हप्ता राहिलेल्या किरकोळ कामांची यादी पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. वाढीव काम निघालं, तर त्याचा दर आधी लेखी घ्या. ‘करून टाका, मग बघू’ या वाक्यापाशीच बजेट कोलमडतं.

आपल्याकडूनही काही शिस्त हवी. घरातल्या एकाच व्यक्तीने निर्णय कळवावेत. सुताराला परस्पर सूचना देऊ नयेत. त्याने एक ऐकलं आणि ड्रॉइंगमध्ये दुसरंच असलं, तर चूक कोणाची हे ठरत नाही. लॅमिनेटचा रंग ठरवायला आपण तीन आठवडे लावले, तर उशिराचा दोष डिझायनरला देता येणार नाही. आणि टप्पा पूर्ण झाला की पैसे त्याच दिवशी द्यावेत.

इतकं करूनही फसगत झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मात्र आयोगासमोर कागद बोलतात. सही केलेलं ड्रॉइंग, मालाची यादी आणि बिलं असतील, तर आपली बाजू उभी राहते.

शेवटी डिझायनरच्या बाजूचंही सांगायला हवं. अनेक हुशार तरुण डिझायनर रात्री जागून मोफत प्लॅन काढतात आणि ग्राहक तो कागद घेऊन स्वस्त ठेकेदाराकडे जातो. मग त्यांनाही आपला मोबदला प्लायच्या दरात लपवावा लागतो. आपण विचाराचे पैसे उघडपणे मोजायला लागलो, तर त्यांनाही उघड हिशेब ठेवून जगता येईल आणि आपल्याला हिशेब विचारण्याचा हक्क राहील. पहिल्या भेटीत बजेट सांगण्याआधीच विचारा, ‘तुमची फी किती?’ पुढची सगळी बोलणी या प्रश्नामुळे सरळ होतात.

(पुढील आठवड्यात : विजेचे पॉइंट – कुठे, किती आणि किती अँपिअरचे)