एकसंब्याचा हिंदकेसरी

१९५९ साली दिल्लीत हिंदकेसरी किताबासाठी कुस्ती झाली. पंजाबच्या बंतासिंगाला हरवून तो किताब जिंकला चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याच्या पैलवानानं. श्रीपती खंचनाळे हे त्याचं नाव. वय पंचविशीच्या आत. आपल्या भागात त्यांची ओळख आजही ‘पहिले हिंदकेसरी’ अशीच करून दिली जाते. पण ओळख तेवढ्यावरच थांबते. त्यांच्या कुस्तीबद्दल, त्यांच्या काळाबद्दल आणि त्या विजयाच्या वजनाबद्दल चार वाक्यं सलग सांगणारा तरुण आज चिकोडीत किंवा निपाणीत शोधावा लागतो. १४ डिसेंबर २०२० रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. वर्तमानपत्रांनी आदरानं बातम्या दिल्या आणि विषय मिटला. इतक्या मोठ्या मल्लाला एवढंच मिळावं हे मला मान्य नाही.

एकसंबा हे दूधगंगेच्या काठचं गाव. नदी ओलांडली की पलीकडे शिरोळ तालुक्यातलं दत्तवाड. आज ती नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द आहे. १९३४ मध्ये श्रीपती जन्मले तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि कोल्हापूर हे छत्रपतींचं संस्थान होतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली आणि चिकोडी म्हैसूर राज्यात गेली. कोल्हापूर द्वैभाषिक मुंबई राज्यात राहिलं. म्हणजे दिल्लीची कुस्ती झाली तेव्हा खंचनाळे यांचं गाव म्हैसूर राज्यात होतं, त्यांची तालीम मुंबई राज्यात होती, आणि ज्या महाराष्ट्राचा पहिला हिंदकेसरी म्हणून पुढे त्यांचा गौरव झाला तो महाराष्ट्र जन्माला यायला अजून वर्ष बाकी होतं. तालमीत मात्र याचा कुणाला पत्ताही नव्हता. चिकोडी, हुक्केरी, अथणीकडची पोरं कोल्हापूरला जायची ती वस्तादाचं नाव ऐकून. घरी कन्नड बोलणारा आणि घरी मराठी बोलणारा एकाच हौद्यात उतरायचे.

ही वाट तयार केली ती राजर्षी शाहू महाराजांनी. त्यांनी मल्लांना आश्रय दिला, पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं आणि १९१२ मध्ये खासबागेचं गोल, खोलगट मैदान उभं केलं. कुठंही बसलं तरी कुस्ती नीट दिसावी, अशी त्याची रचना आहे. महाराज १९२२ मध्ये गेले, तालमी राहिल्या. गंगावेश, मोतीबाग, काळा इमाम, मठ आणि शाहूपुरी ही नावं आजही कुस्तीशौकिनाच्या तोंडी असतात. यांपैकी शाहूपुरीच्या तालमीत खंचनाळे घडले.

घडले हा शब्द लिहायला सोपा आहे. पहाटे अंधारात उठून जोर-बैठका, मग हौद्याची तांबडी माती खोऱ्यानं उकरून मऊ करायची, मग लढती. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेलं असतं, कारण रोज त्याच मातीत अंग घासायचं असतं. दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खुराक चुकला की मेहनत अंगावर येते. गावाकडून येणारं तूप आणि पैसा याच्या जोरावर मुलगा तालमीत टिकायचा. घरच्या बाकीच्यांच्या ताटातलं कमी करून त्याला घातलेलं असायचं. त्याला मिळकत म्हणाल तर जत्रेच्या मैदानातलं इनाम. त्या काळचा पैलवान हा खऱ्या अर्थानं व्यावसायिक खेळाडू होता. ना करार, ना निवृत्तिवेतन. पाठ टेकली की पुढच्या मैदानात जोड खालच्या नंबरावर लागायची.

आणि ती कुस्ती निकाली असायची. आज गादीवरच्या कुस्तीत गुण मोजतात, वेळ ठरलेली असते, एका गुणाच्या आघाडीवरही सामना जिंकता येतो. मातीत तसं नाही. समोरच्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवायचे, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवावी लागते. जिंकण्यासाठी पळ काढून भागत नाही. सलामी झाली, शड्डू घुमला की बराच वेळ नुसती खडाखडी चालते. मानेवर मान, हातात हात, दोघंही एकमेकांच्या दमाचा अंदाज घेतात. मग पट काढणं, घिस्सा, ढाक, कलाजंग. एका क्षणात डाव बसतो किंवा उलटतो. पंजाबी मल्ल हा आपल्याकडच्या मैदानांतला सर्वांत मोठा आकर्षणाचा विषय असे, कारण उंची, हाडपेर आणि ताकद यांत त्याचा दबदबा होता. अशा मल्लाला त्याच्या बाजूच्या मुलखात, राजधानीत जाऊन हरवणं म्हणजे काय, हे त्या काळच्या शौकिनाला समजावून सांगावं लागलं नसतं.

मग ही कामगिरी मागे का पडली? मला दिसणारं कारण मोजपट्टीचं आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला बँटमवेटमध्ये कांस्यपदक आणलं. ते पदक जगाच्या नोंदवहीत कायमचं बसलं, तरीही अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, मारुती माने १९६४ चे. या दोघांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन दोन पदकं मिळवली. आंदळकरांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. खंचनाळे यांचा सर्वांत मोठा विजय मातीतला आणि देशातल्या देशात झालेला. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये, त्या विजयानंतर दोन वर्षांनी, आणि त्याचा भर पुढे देशाबाहेरच्या पदकांवर राहिला. अर्जुनच्या यादीत खंचनाळे यांचं नाव नाही. मातीची कुस्ती ज्या वह्यांत लिहिलीच जात नव्हती, त्या वह्यांतून तिचे मल्ल गायब होणारच.

दुसरं कारण हद्दीचं. बेंगळुरूच्या नजरेत ते कोल्हापूरचे पैलवान, आणि मुंबईच्या कागदावर त्यांचं जन्मगाव परराज्यातलं. सीमाभागातल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. पण पैलवानाच्या बाबतीत तो अधिक लागतो, कारण दोन्हीकडच्या जत्रांत त्याच्यासाठी हलगी वाजलेली असते.

त्यांच्यामागे काय राहिलं, ते कोल्हापूरच्या हिंदकेसरींच्या परंपरेत दिसतं. आंदळकर आणि माने यांच्यानंतर दीनानाथ सिंह, हरिश्चंद्र बिराजदार अशी नावं येत गेली. दीनानाथ सिंह तर उत्तरेतून येऊन कोल्हापूरचे झाले. उत्तरेचा मल्ल हरवता येतो, एवढंच नव्हे तर कोल्हापूर त्यालाही घडवू शकतं, हा विश्वास एका माणसानं निर्माण केला असं मी म्हणणार नाही. पण १९५९ मध्ये दिल्लीहून किताब आला नसता तर तो इतक्या लवकर रुजला नसता, असं मला ठामपणे वाटतं. ही परंपरा हद्दीनंही तुटली नाही: बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात आजही मैदान भरलं की सीमेच्या दोन्ही अंगांचे मल्ल उतरतात.

या विस्मृतीवर करण्यासारखं एक काम आहे आणि ते आपल्याच हातातलं आहे. जुन्या मैदानांच्या जाहिराती, ज्यांवर पहिल्या नंबराची जोड आणि इनामाची रक्कम छापलेली असे, अजून काही घरांत ट्रंकेच्या तळाशी असतील. जुने शौकीन आणि मल्ल ऐंशी-नव्वदीत आहेत. कोण कोणाशी लढला, कुठला डाव बसला, हे त्यांना मुखपाठ आहे. चिकोडी, निपाणी, बेळगावच्या महाविद्यालयांनी मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांतली मुलं एकसंब्याला, शाहूपुरीला पाठवावीत, या माणसांना बोलतं करावं आणि ते ध्वनिमुद्रित करावं. सुरुवात १९५९ च्या त्या कुस्तीपासून करावी.