छोट्या संगणकाचा कारभारी बदलतांना

तळहातावर मावेल एवढा एक फलक, त्यावर चार-दोन चौकोनी चिपा, कडेला तारा जोडण्याच्या खांचा, आणि पेटी, पडदा व कळफलक यांपैकीं कांहींच नाहीं, असा संगणक आतां कांहीं हजार रुपयांस मिळतो. विद्यार्थी व हौशी माणसें त्यास नुसतें 'बोर्ड' म्हणतात. दिवा लावणें-मालवणें, जमिनींतील ओलावा मोजणें, खोलीचें उष्णतामान नोंदून ठेवणें, अशीं कामें त्याच्याकडून करवून घेतां येतात. पडदा व कळफलक जोडल्यास त्यावर लेखनवाचनहि होतें. घरांतील मुलें असा बोर्ड घेऊन येतात, तेव्हां लवकरच एक प्रश्न उभा राहतो : कारखान्यांतून जी ऑपरेटिंग सिस्टीम आली तीच ठेवावी, कीं दुसरी घालावी? प्रश्न लहान दिसतो. पण बोर्ड वर्षानुवर्षें उपयोगीं पडेल, कीं महिन्याभरांत कपाटांत जाऊन पडेल, हें पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर ठरतें.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हें समजण्यास मोठ्या वाड्याचा कारभारी डोळ्यांपुढें आणावा. धनी हुकूम देतो, गडी कामें करतात. परंतु कोठारांतून काय काढावें, कोणत्या गड्यास केव्हां बोलवावें, दोघांस एकच अवजार लागलें तर आधीं कोणास द्यावें, हें कारभारी पाहतो. संगणकांत प्रोसेसर, मेमरी व तारांच्या खांचा हे गडी आणि कोठारें होत. वापरणाराची आज्ञा त्यांच्यापर्यंत पोंचविणारा कारभारी म्हणजे ही प्रणाली. कारभारी बदलला तरी वाडा तोच राहतो. पण किल्ल्या, वह्या आणि कामाची रीत बदलते.

या विषयाचें चांगलें उदाहरण 'बीगलबोन ब्लॅक' या बोर्डाचें आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या प्रोसेसरवर उभारलेला हा बोर्ड एप्रिल २०१३ मध्यें ४५ डॉलर किंमतीस बाजारांत आला. १ गिगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट मेमरी, आणि फलकावरच पक्कें बसविलेलें २ गिगाबाइटचें कोठार, अशी त्याची रचना होती. त्याच्या आदल्या वर्षीं, २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं, इंग्लंडांत निघालेल्या रास्पबेरी पाय या बोर्डांत असें अंगचें कोठार नव्हतें. तेथें सारी प्रणाली बाहेरच्या कार्डावर असे. त्यामुळें पायचा कारभारी बदलणें म्हणजे एक कार्ड काढून दुसरें घालणें होय. बीगलबोनचा कारभारी मात्र वाड्यांतच राहणारा.

त्या पहिल्या कारभाऱ्याचें नांव 'आँगस्ट्रॉम'. प्रकाशलहरींची लांबी मोजण्याच्या सूक्ष्म मापास ज्या स्वीडिश शास्त्रज्ञाचें नांव दिलें आहे, त्याचेंच हें नांव. ही प्रणाली लिनक्सच्या घराण्यांतील; लहान यंत्रांसाठीं मुद्दाम सडपातळ केलेली. थोड्या जागेंत ती सुखानें राहत असे. कारखानदार ज्या यंत्रांत एकच काम कायमचें बसवितो, तेथें असा मितभाषी कारभारी शोभतो. शिकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्यास आज एक प्रयोग करावयाचा असतो, उद्यां दुसरा. आणि प्रत्येक वेळीं नवा प्रोग्राम हवा असतो. तो तयार मिळाला नाहीं, किंवा अडचण आली असतां विचारावयास कोणी भेटला नाहीं, म्हणजे उत्साह मावळतो.

२०१४ सालीं या बोर्डाची 'रेव्ह सी' ही आवृत्ति निघाली आणि तींत आँगस्ट्रॉमच्या जागीं डेबियन ही प्रणाली आली. डेबियनचा आरंभ १९९३ सालीं इयन मर्डॉक यानें केला; जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात. मे २०१३ मध्यें निघालेल्या तिच्या 'व्हीझी' नांवाच्या सातव्या आवृत्तींत ३७ हजारांहून अधिक तयार पॅकेजें होतीं. अपूर्णांकांचें गणित स्वतःच्या अंगच्या सामर्थ्यानें करणाऱ्या आर्म जातीच्या प्रोसेसरांसाठीं वेगळी शाखाहि त्याच आवृत्तींत प्रथम अधिकृत झाली. उबुंटू ही प्रसिद्ध प्रणाली डेबियनपासूनच निघालेली. आपल्याकडील सी-डॅकनें तयार केलेली 'बॉस' हीहि डेबियनवरच उभारलेली. तेव्हां घरच्या मोठ्या संगणकावर शिकलेली आज्ञा बोर्डावर चालते, आणि बोर्डावर शिकलेली पुढें नोकरींतहि उपयोगीं पडते. बदलाचें खरें मोल येथें आहे.

अर्थात् मोल द्यावेंहि लागलें. डेबियनचा सरंजाम मोठा. २ गिगाबाइटच्या कोठारांत तो बसविला तर धन्याच्या सामानास जागा उरत नाहीं. म्हणून नव्या आवृत्तींत कोठार ४ गिगाबाइटचें केलें गेलें आणि किंमत ५५ डॉलर झाली. ज्यांच्यापाशीं जुना बोर्ड होता, त्यांना काटकसरीची आवृत्ति बसवावी लागे, किंवा डेबियन कार्डावर ठेवून तेथूनच चालवावी लागे.

मराठी घरांस या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. प्रणालींत देवनागरी टंक नसले म्हणजे पडद्यावर अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन उमटतात. मुलानें स्वतःचें नांव मराठींत लिहावें आणि यंत्रानें त्याचे चौकोन करावे, याहून निराशेची सुरुवात कोणती? रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं सर्वांस खुले केलेले 'लोहित' टंक डेबियनच्या भांडारांत आहेत. बोर्ड इंटरनेटला जोडलेला असल्यास एका आज्ञेनें ते बसतात. ज्या प्रणालीचें भांडार मोठें, तींत आपल्या भाषेसहि जागा मिळण्याचा संभव अधिक.

महाराष्ट्रांतहि असा एक प्रयोग झाला आहे. 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटची दुसरी आवृत्ति ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं तत्कालीन राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें प्रसृत झाली. सरकारला तो २,२६३ रुपयांस पडत होता. पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालीं त्यावर काम चाललें होतें. योगायोग असा कीं, त्याचा प्रोसेसर बीगलबोनच्याच जातीचा व त्याच गतीचा, आणि मेमरीहि तेवढीच, ५१२ मेगाबाइट. कारखान्यांतून त्यांत अँड्रॉइड येई. ती पाहण्या-ऐकण्यास सोयीची. परंतु प्रोग्राम लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण संगणक हवा असतो. म्हणून पवईच्या मंडळींनीं लिनक्स कार्डावर तयार करून दिलें. कार्ड खांचेंत घालून यंत्र सुरू केलें कीं लिनक्स. कार्ड काढलें कीं पुन्हा पहिली अँड्रॉइड. घरचा कारभारी न दुखवितां पाहुणा कारभारी आणण्याची ही युक्ति होती. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात.

बीगलबोनवरहि पहिलें पाऊल असेंच टाकावें. नव्या प्रणालीची 'इमेज' नांवाची एकच मोठी फाइल असते. ती दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि सोबत दिलेला तपासणीचा आंकडा ताडून पाहावा. फाइल वाटेंत बिघडली असल्यास तो जुळत नाहीं. मग ती 'एचर'सारख्या साधनानें कार्डावर चढवावी. नेहमींच्या फाइलीप्रमाणें नुसती नक्कल करून भागत नाहीं, कारण कार्डाचे विभागहि त्या इमेजमध्येंच आखलेले असतात. नंतर बोर्डाची वीज पूर्ण बंद करून कार्ड घालावें, खांचेजवळचें बटण दाबून धरावें, आणि मग वीज द्यावी. बटण दाबलेलें असेल तर प्रोसेसर आंतल्या कोठाराकडे न जातां कार्डाकडे वळतो. वीज चालू असतांना बटण दाबून उपयोग नाहीं. ही खूण वीज येतांक्षणींच वाचली जाते.

आठवडाभर कार्डावर काम करून पाहावें. सर्व कामें ठीक चालतात अशी खात्री झाली, तरच प्रणाली आंतल्या कोठारांत उतरवावी. त्यासाठीं 'फ्लॅशर' जातीची निराळी इमेज मिळते; ती कार्डावरून स्वतःची प्रत आंत उतरविते. तें चाललें असतां बोर्डावरील चार निळे दिवे एकामागून एक धांवतात. इमेजच्या आकारानुसार कांहीं मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागतो. दिव्यांची धांव थांबल्यावर वीज बंद करून कार्ड काढून घ्यावें. नाहींतर तेंच काम पुन्हा आरंभिलें जाण्याचा संभव असतो.

या अवधींत वीज जातां कामा नये. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत कन्नड तालुक्यांत देवगाव रंगारी नांवाचें गांव आहे. अशा गांवीं राहणाऱ्या विद्यार्थ्यानें विजेची खात्रीची वेळ निवडावी, किंवा बॅटरीची जोड ठेवावी. मध्येंच वीज गेली तर आंतली प्रणाली अर्धवट राहते. तथापि बोर्ड मेला असें समजण्याचें कारण नाहीं. कार्डाकडे पाहण्याची मूळ सूचना प्रोसेसरच्या आंत कायमची कोरलेली असते. ती पुसली जात नाहीं. कार्ड घालून काम पुन्हा करतां येतें.

गेलेलें परत येत नाहीं तें निराळेंच : आपलें स्वतःचें लिखाण. त्या गांवाच्या नांवांतील रंगाऱ्याचीच रीत येथें लागू पडते. जुना रंग काढल्यावांचून नवा नीट चढत नाहीं. फ्लॅशर जुन्या कोठारावरच लिहितो. ओलाव्याच्या सहा महिन्यांच्या नोंदी, मुलीनें लिहिलेले प्रोग्राम, सारें त्याखालीं जातें. म्हणून आधीं सर्व दुसरीकडे उतरवून ठेवावें आणि ती प्रत उघडून वाचून पाहावी.

नवी प्रणाली आली कीं पहिलें काम पासवर्ड बदलण्याचें. आँगस्ट्रॉममध्यें सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें पासवर्डावांचूनच आंत जातां येई. डेबियनच्या इमेजमध्यें पासवर्ड असे, पण तो सर्व जगास छापून कळविलेला. बोर्ड इंटरनेटला जोडण्यापूर्वी तो बदलणें हें घराला कुलूप लावण्याइतकेंच आवश्यक आहे.

केवळ नवें म्हणून बदल करूं नये. बोर्ड एकच काम निमूटपणें करीत असेल आणि बाहेरच्या जगाशीं जोडलेला नसेल, तर जुना कारभारी राहूं द्यावा. परंतु तो इंटरनेटवर असेल तर प्रणालीच्या सुरक्षा-दुरुस्त्या चालू आहेत कीं नाहींत, हें पाहावें. व्हीझीच्या दुरुस्त्या २०१८ सालीं थांबल्या. २०१४ चा नवा कारभारी चार वर्षांत निवृत्त झाला. म्हणून घरांतील मुलांस एकदां बदल करून देण्यापेक्षां तो त्यांच्याच हातून करवावा. पुढच्या वेळीं त्यांना कोणाकडे धांवावें लागणार नाहीं.