नाणेसंग्रह : हिरवा थर हवेचा की पानाचा?

शिवराईवरच्या अक्षरांची वळणं हा आजच्या भागाचा ठरलेला विषय. तो पुढे ढकलतो आहे, कारण रत्नागिरीच्या एका वाचकाचं पत्र त्याहून निकडीचं आहे. त्यांच्या अल्बममधल्या चांदीच्या रुपयांवर हिरवट, किंचित चिकट थर धरला आहे. पंचम जॉर्जच्या रुपयांवर तो कडेला आणि अक्षरांच्या खाचांत आहे, १९४४ आणि १९४५ च्या रुपयांवर मात्र जवळजवळ सगळीकडे पसरला आहे. हा कोकणातल्या दमट हवेचा परिणाम असणार, असं धरून ते विचारतात की अल्बम बँकेच्या लॉकरमध्ये हलवावा का. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज एक ओळ लिहिली आहे : त्याच कपाटात वडिलांच्या वेळेपासून कागदाच्या पुड्यांत बांधलेले तसेच रुपये आहेत, ते काळवंडलेत, पण हिरवा थर त्यांच्यावर नाही. मला ही शेवटची ओळच सर्वांत महत्त्वाची वाटते.

कपाट एक, हवा एक, पावसाळे तेच. दोष दमटपणाचा असता, तर पुडीतल्या रुपयांनी तो आधी दाखवला असता, कारण कागद ओल धरून ठेवतो. फरक एवढाच, की काही नाण्यांना कागद टेकलेला होता आणि काहींना प्लास्टिक. रंगही तेच सांगतो. काळेपणा चांदीचा असतो, आणि हवेतल्या किंवा कागदातल्या गंधकामुळे येतो. हिरवेपणा तांब्याचा. चांदीच्या रुपयात तांबं कुठून, असा प्रश्न पडेल. पण आपण ज्याला चांदीचा रुपया म्हणतो तो कधीच निव्वळ चांदीचा नव्हता. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि उरलेला मुख्यतः तांबं. १९४० मध्ये, युद्धकाळात, चांदी निम्म्यावर आली. तांबं ४० टक्के झालं आणि उरलेल्या दहा टक्क्यांत निकेल आणि जस्त. म्हणजे ज्या रुपयात तांबं जास्त, त्याच्यावर हिरवा थर जास्त, हे पत्रातलं निरीक्षण धातूच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळतं. आता प्रश्न उरतो तो त्या तांब्याला बाहेर ओढून काढणाऱ्याचा. त्याचा माग चिकटपणात आहे. दमट हवा नाण्यावर डाग पाडेल, पण चिकट तेलकट थर ठेवून जाणार नाही.

तो थर अल्बमच्या पानातून येतो. बाजारात जी मऊ, लवचिक, काचेसारखी पारदर्शक पानं मिळतात, ती बहुधा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक; घरातल्या नळाचे पाइप आठवा. त्याला मऊ करण्यासाठी तेलासारखी द्रव्यं मिसळतात, आणि ही द्रव्यं प्लास्टिकशी पक्की बांधलेली नसतात. वर्षं जातात तशी ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि टेकलेल्या नाण्यावर उतरतात. दुसरीकडे पीव्हीसीच्या रेणूत क्लोरीन असतो. उष्णतेने आणि उजेडाने ते प्लास्टिक जुनं होत जातं, तसतसा त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश सुटतो. आम्ल तांब्यावर बसलं की हिरवी क्लोराइडं तयार होतात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तेव्हाही आम्ल तांब्याला असंच ओढून काढत असतं. फक्त भांड्यात ते एका रात्रीत होतं आणि अल्बममध्ये काही वर्षांत. दमट हवा या प्रकाराला मदत करते हे खरं, पण सुरुवात ती करत नाही. शिवाय क्लोराइडं एकदा धातूत शिरली की पान बदलल्यावरही ओलाव्यात त्यांचं काम चालू राहू शकतं. तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येते ती यामुळेच. ‘आधी लॉकर, मग पानं’ हा क्रम म्हणून मला उलटा वाटतो. पान तेच राहिलं तर लॉकरमध्ये नाणं आपल्या नजरेआड तेवढं बिघडेल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : माझ्याकडे अशाच पानांत दहा वर्षं नाणी आहेत, त्यांना काही झालेलं नाही. हे अनेकांच्या बाबतीत खरं असेल, आणि त्याची कारणंही आहेत. नाणी स्टेनलेस स्टीलची असतील तर त्यांत ओढून काढायला तांबंच नाही. आपला एक रुपया १९९२ पासून पोलादाचा आहे. खोली थंड, अल्बम अंधारात आणि पान जाड असेल तर क्रिया मंद चालते. पण मंद म्हणजे बंद नव्हे. पहिली खूण हिरव्या रंगाची नसतेच. आधी नाण्यावर पुसट, धुरकट साय दिसते, तिरप्या उजेडात ती तेलकट चमकते, आणि पुष्कळ संग्राहक तिलाच जुन्या नाण्याचा नैसर्गिक रंग समजून समाधान मानतात. हिरवं दिसायला लागतं तेव्हा आम्लाने धातू खायला सुरुवात केलेली असते. ते खड्डे भरून येत नाहीत. टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचं मोल त्या झळाळीतच असतं. दहा वर्षं काही झालं नाही, हा माझ्या मते अकराव्या वर्षासाठीचा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप पाकिटावरच्या लेबलाचा. ‘पीव्हीसी फ्री’ असं छापलेलं असेल तर विश्वास का ठेवू नये? ठेवा, पण एक पान खर्ची घालून पडताळा. संग्रहालयंसुद्धा दाव्यावर विसंबत नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी आजही जगभर वापरली जाते. ज्या वस्तूपासून कपाट किंवा पेटी करायची तिचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांसोबत बंद काचपात्रात, थोड्या पाण्याच्या सान्निध्यात, ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायचा आणि पट्ट्यांवर काय उमटतं ते पाहायचं. घरी एवढं करायची गरज नाही. पानाचा कोपरा कापून पाण्यात टाका आणि बोटाने बुडवून बुडबुडे घालवा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन पाण्याहून हलके असतात, ते वर येतात. पीव्हीसी बुडतं. मायलर या नावाने ओळखली जाणारी पॉलिएस्टरची फिल्मही बुडते, पण ती कडक असते, दुमडताना कुरकुरते आणि तिला वास नसतो. बुडणारं, मऊ आणि नव्या रेक्झिनसारख्या वासाचं पान दिसलं की ते पीव्हीसीच समजावं. आणखी खात्री हवी असेल तर तांब्याची तार लाकडी मुठीत धरून गॅसवर तापवा, तार ज्योतीला रंग देईनाशी झाली की बाजूला घेऊन प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत झगझगीत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. बाइलस्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये दिलेली ही परीक्षा आहे. धूर विषारी असतो, तेव्हा तुकडा नखाएवढाच घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना लांब ठेवा.

मग अल्बम कोणता घ्यावा? मुखपृष्ठ, सोनेरी अक्षरं, रेक्झिनचं आवरण यांचा विचार शेवटी. आधी पान पॉलिप्रॉपिलीनचं आहे का ते पाहावं. त्यात नाणं थेट न घालता मायलरची खिडकी असलेल्या चौकोनी पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घालावं आणि होल्डर पानाच्या कप्प्यात सरकवावा. यात नाण्याला फक्त मायलर टेकतं, आणि नाव, साल, टांकसाळ लिहायला पुठ्ठ्यावर जागा मिळते. होल्डरची खिडकी नाण्याच्या मापाची हवी. चांदीचा रुपया व्यासाला तीस मिलिमीटरहून थोडा मोठा, त्याला लहान खिडकी लावली की कड मायलरला फाडते. स्टेपलरच्या पिना पक्कडीने दाबून सपाट कराव्यात, नाहीतर शेजारच्या नाण्यावर चरे उठतात. आणि नाणं बाहेर काढायचं झालं तर आधी सगळ्या पिना काढाव्यात, कारण अर्धवट उघडलेल्या होल्डरमधून नाणं ओढताना पिनेचं टोक नेमकं राजाच्या चेहऱ्यावरून जातं. वजनाचा हिशेबही करा. वीस कप्प्यांच्या एका पानात वीस रुपये म्हणजे २३३ ग्रॅम, दहा पानं म्हणजे सव्वादोन किलोंच्या वर. एवढं ओझं पेलताना हलक्या कड्या वाकतात. अल्बम एकावर एक रचण्याऐवजी खोक्यात उभे ठेवावेत आणि एकात पानं कमी घालावीत.

अल्बम सगळ्या नाण्यांसाठी नाहीच, हेही इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. तो यंत्रावर पाडलेल्या, सारख्या जाडीच्या नाण्यांसाठी आहे. शिवराई जाड, कडा ओबडधोबड, एकीचं माप दुसरीला लागू पडत नाही. होल्डर तिच्यावर नीट मिटत नाही, आणि जोर लावला तर मायलर फाटतं. १९१८ पासूनची चौकोनी दुअन्नीही कोपऱ्यांनी फिल्म भोसकते. शिवराईला आम्लरहित कागदाचं पाकीट आणि सरळ उभं राहील असं खोकं हेच योग्य. ‘आधीच्या पिढ्यांनी कागदातच नाणी जपली, मग हे सगळं कशाला’ असं म्हणणाऱ्यांचं इथे निम्मं बरोबर आहे. कागद ही चांगली जागा आहे, पण रद्दी वर्तमानपत्र किंवा तपकिरी लखोट्याचा कागद नव्हे. आम्ल आणि गंधकाचा अंश त्यांतही असतो, आणि रत्नागिरीच्या पुड्यांतले रुपये काळवंडले ते बहुधा त्यामुळेच. रबरबँडमध्येही गंधक असतो, म्हणून चांदीच्या नाण्यांच्या चवडीला तो कधीच लावू नये.

पानं बदलली की मग हवेची पाळी. लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर. खोक्यात सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळ्यात ती वेळोवेळी तापवून पुन्हा कोरडी करणं. नव्या लाकडी खणात नाणी ठेवू नयेत, काही लाकडांतून आम्लाची वाफ सुटते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते.

ज्या नाण्यांवर चिकट थर आलाच आहे त्यांच्यासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन. नखांच्या रंगासाठीचं रिमूव्हर चालणार नाही, त्यात सुगंध आणि तेल असतं. काचेच्या वाटीत नाणं बुडेल एवढं घ्या, काही मिनिटं ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमधून काढा आणि कापसाने न घासता हवेत वाळू द्या. ते झटकन पेट घेतं, म्हणून आसपास गॅस, उदबत्ती, देवघरातली समई काहीही पेटलेलं नको. यामुळे चिकट थर जाईल. आत झालेले खड्डे जाणार नाहीत. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नाण्याला लावू नका.

राहिला खर्चाचा आक्षेप. चांगली पानं महाग पडतात हे खरं आहे, आणि मोठा संग्रह असलेल्याने सगळी एकदम बदलावीत असा माझा आग्रह नाही. क्रम मात्र पाळावा. आधी तांब्याची आणि ब्राँझची नाणी काढा, पाव आणा, अर्धा पैसा, १९५७ पासूनचा ब्राँझचा नया पैसा. मग १९४० ते १९४५ चे रुपये. त्यानंतर जुने चांदीचे रुपये आणि तांबं-निकेलची नाणी, कारण त्यांतही तीन चतुर्थांश तांबंच असतं. पोलादाची नाणी सर्वांत शेवटी.