वार्धक्य आणि स्नायूंचें बळ

मागील वार्षिक संमेलनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याचे आजोबा कार्यक्रम पाहावयास आले होते. वय ऐंशीच्या आसपास; दृष्टि चांगली, स्मरण चांगलें, आणि बोलणें तर आम्हां शिक्षकांसही लाजविणारें. परंतु कार्यक्रम संपल्यावर त्यांस खुर्चीतून उठतां येईना. शेवटीं दोन मुलांनीं बगलेंत हात घालून त्यांस उभें केलें. नातू मोठ्या मायेनें म्हणाला, "आजोबा, आतां तुम्ही घरीं बसूनच राहत जा." माया खरी होती यांत शंका नाहीं. पण बसून राहिल्यानें आजोबांचें उठणें आणखी अवघड होणार होतें. तें कसें, हें येथें सांगावयाचें आहे.

आपलीं हाडें स्नायूंवांचून हलत नाहींत. हे स्नायु बारीक तंतूंचे बनलेले असून ते सदोदित झिजत व पुन्हां घडत असतात. तरुणपणीं झीज आणि घडण यांचा मेळ बसतो. चाळिशीच्या सुमारास घडण मागें पडूं लागते, आणि साठीनंतर ही तूट अधिक वेगानें वाढते. त्यांतही एक विशेष आहे. कांहीं तंतु मंदगति असतात. ते पुष्कळ वेळ उभें राहण्याच्या व चालण्याच्या उपयोगीं पडतात. कांहीं शीघ्रगति असतात. ते एकदम जोर लावण्याच्या कामीं येतात. म्हातारपणीं हे शीघ्रगति तंतु अधिक रोडावतात. म्हणूनच बाजारापर्यंत सावकाश चालत जाणारे वृद्ध गृहस्थ उंबरठ्याची ठेच लागतांच स्वतःस सांवरूं शकत नाहींत. ह्या ऱ्हासास १९८९ सालीं अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'सार्कोपीनिया' असें नांव दिलें. मूळ शब्द ग्रीक आहेत. सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे दारिद्र्य. दारिद्र्य येण्यास जशीं अनेक कारणें असतात, तशींच ह्यासही आहेत. वय हें त्यांतलें एकच.

दुसरें मोठें कारण म्हणजे पडून राहणें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी अशा वयस्क माणसांस दहा दिवस बिछान्यावर ठेवलें, तेव्हां तेवढ्यांत त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस घटलें. केवळ दहा दिवसांत! दुखणेकऱ्याची गोष्ट याहून वाईट असते हें मला स्वतःच्या घरावरून ठाऊक आहे. माझ्या आईस बहात्तराव्या वर्षीं ताप आला. ताप आठवड्यानें गेला, पण आम्हीं तिला पुढें महिनाभर उठूं दिलें नाहीं. पाणी हातांत, ताट हातांत, कळशी तर तिच्या दृष्टीआड ठेवलेली. महिन्यानंतर तिला पाटावरून उठतां येईना, आणि आम्ही म्हणालों, "वयच झालें." दोष वयाचा थोडा आणि आमचा फार होता.

आतां जी हकीकत सांगतों ती मोठी विलक्षण आहे. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं वृद्धांच्या एका आश्रयगृहांत मारिया फियाटारोने ह्या डॉक्टरबाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दहा दुर्बळ स्त्रीपुरुष निवडले. त्यांचीं वयें ८६ पासून ९६ पर्यंत होतीं. एका वेळीं अधिकांत अधिक जेवढें वजन पायानें उचलतां येईल, त्याच्या शेंकडा ८० इतक्या वजनापर्यंत त्यांस नेलें. आठ आठ वेळां, तीन फेऱ्या, आठवड्यांतून तीन दिवस, असा क्रम आठ आठवडे चालला. दहांपैकीं नऊजणांनीं तो पुरा केला. पायांची शक्ति सरासरीनें शेंकडा १७४ नें वाढली, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांनीं चालतांना घेतलेली काठी सोडली. हा वृत्तांत १९९० सालीं छापून आला. मांडीच्या स्नायूचा आकार मात्र शेंकडा ९ नेंच वाढला होता. मग एवढी शक्ति आली कोठून? याचें उत्तर असें कीं, स्नायूस हुकूम देणाऱ्या मज्जातंतूही सरावानें जाग्या होतात व निजलेले तंतु कामास लावतात. पहिल्या कांहीं आठवड्यांचा लाभ मुख्यतः ह्यामुळेंच होतो. मांस मागाहून भरतें.

पुढें १९९४ सालीं त्याच मंडळींनीं शंभर वृद्धांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत कांहींजणांस व्यायामावांचून केवळ पौष्टिक पेय दिलें होतें. त्यानें अशक्तपणा हटला नाहीं. आपल्याकडे आजारी माणसास दूध, शिरा देऊन पलंगावर बसविण्याची जी रीत आहे, तिच्याविषयीं हें विचार करण्याजोगें आहे. अन्न लागतेंच, डाळ, दूध, अंडीं, मासे हीं वृद्धांस तरुणांइतकींच, किंबहुना अधिक हवींत. पण ओझें दिल्यावांचून स्नायु तें अन्न मांसाकडे लावीत नाहींत.

तालमींतील तरुण बैठका मारतात, त्याच बैठकेचें सौम्य रूप म्हणजे हात न टेकतां खुर्चीवरून उठणें. आईला आम्हीं हेंच करावयास लावलें. आरंभीं खुर्चीवर दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची. भिंतीस हात लावून टांचा उचलणें, भिंतीस रेटा देणें, पाण्याचा तांब्या हातानें उचलणें हेंही. आठ-दहा वेळांनंतर थांबावेंसें वाटेल इतका भार असावा; सहज होऊं लागलें कीं वाढवावा. ही वाढ न केल्यास लाभ खुंटतो, आणि येथेंच बहुतेक घरें चुकतात. श्वास कोंडूं नये. छातींत दुखल्यास किंवा घेरी आल्यास तत्काळ थांबावें, आणि हृदयविकार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधीं डॉक्टरांस विचारावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पासष्टीपुढील मंडळींस आठवड्यांतून निदान दोन दिवस असा व्यायाम सांगितला आहे. तोल सांभाळण्याचा सराव धरून तीन दिवस.

आई आतां निम्मी भरलेली कळशी स्वतः उचलते. घरांतील आजी-आजोबांच्या उठाबशा मोजण्याचें काम विद्यार्थ्यांनीं पत्करावें अशी माझी सूचना आहे. मात्र परीक्षा आली म्हणून खंड पाडूं नये. बॉस्टनच्या वृद्धांनीं व्यायाम सोडला तेव्हां चारच आठवड्यांत त्यांची शक्ति शेंकडा ३२ नें उतरली होती.